खात्रीबाई आणि एका तारेची चिप

आमच्या कारखान्यात खात्रीबाईंना तोंडावर कुणी खात्रीबाई म्हणत नसे. तोंडावर त्या सगळ्यांच्या ताई होत्या, मालकांच्यासुद्धा. पाठ वळली की मात्र दुसरं नाव. ते नाव आपल्याला पडलंय हे त्यांना ठाऊक होतं. कुणी पाडलं तेही त्यांनी हळूहळू चौकशी करून शोधून काढलं होतं, आणि त्या माणसाशी त्या पुढे कितीतरी दिवस फक्त कामापुरतं बोलत होत्या.

नाव पडायचं कारण साधं होतं. "खात्री केलीस का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. खोका बंद केला म्हटलं की त्या उघडून बघत. सोल्डरची गन बंद केली म्हटलं की तिच्याजवळ हात नेऊन ऊब लागते का बघत. मी पॅकिंगच्या टेबलावर, त्या समोरच्या टेस्ट बेंचवर, त्यामुळे आमची रोजची नजरानजर होती. मी लावलेलं लेबल सरळ आहे की नाही हे त्या तिथून, मान वाकडी करून तपासत.

त्यांचा नवरा वाचनालयात पुस्तकं बांधायचं काम करायचा. शांत आणि गमत्या माणूस. तो म्हणायचा, "घरी गेलो की मी आधी ओळख पटवतो, मग चपला काढतो."

पण ही सवय घरच्यांना नुसतीच गमतीची वाटत नव्हती. एकदा या सवयीनं घर वाचवलं होतं, असं सगळे मानत.

ताईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मुलगा नाव ठेवायला जागा नाही असा. बोलणं मऊ, नोकरी बरी. धाकटी तर हवेतच होती. एकट्या ताईंच्या मनात पाल चुकचुकली. मुलाकडचे दर वेळी यांच्याकडे यायचे, आपल्या घरी मात्र बोलवायचे नाहीत. घराला रंग चाललाय म्हणायचे. घराला इतका रंग? ताई कुणाला न सांगता बसनं त्यांच्या गावी गेल्या. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि दूधवाल्याला सहज विचारावं तसं विचारलं, "त्या घरात लग्नाचं कुणी आहे का हो?"

"लग्नाचं?" दूधवाला म्हणाला. "अहो, त्यांची सूनबाई आत्ताच दूध घेऊन आत गेली."

ताई तशाच मागे फिरल्या. लग्न मोडलं. मुलाकडचे भांडायलासुद्धा आले नाहीत, आणि यातच काय ते समजा, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून घरात काहीही करायचं झालं, भाड्याचं घर बदलायचं असो की डॉक्टर, आधी ताईला विचारायचं. धाकटी पुढे लग्नाच्या वाटेला गेली नाही. ती एका शिलाईखान्यात शर्टांच्या कॉलर शिवायची आणि ताईंच्याच इमारतीत वरच्या खोलीत राहायची.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. आम्ही मोटरवर चालणाऱ्या शिलाई मशीनची पेडलं बनवत होतो. पेडलच्या आत तांब्याची चपटी कॉइल असते. पाय दाबला की एक धातूची पट्टी त्या कॉइलच्या जवळ सरकते, आणि कॉइलला जोडलेली बारकी चिप त्या पट्टीला न शिवताच ओळखते की ती किती जवळ आली. जितकी जवळ, तितकं मशीन जोरात. पण त्या चिपला आधी शिकवावं लागतं. पाय नुसता टेकवलाय म्हणजे किती, आणि पूर्ण दाबलाय म्हणजे किती, असे दोन आकडे तिला सांगायचे. ते तिच्या पोटात कायमचे बसतात. सांगितले नाहीत तर ती आपल्या मूळच्या आकड्यांवर चालते, आणि मग एखाद्या पेडलला नुसता टेकलेला पायही दाबलेला वाटू शकतो.

हे शिकवायचं काम ताईंच्या बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, व्हायचं. चिपच्या पायांना एक क्लिप लावायची आणि बटण दाबायचं. बेंच आकडे सांगायचा, चिप तेच आकडे परत म्हणून दाखवायची. जुळले की स्क्रीनवर हिरवं, नाही जुळले की लाल. ताईंना आयुष्यात इतका विश्वास दुसऱ्या कशावर नव्हता. माणूस हो म्हणतो आणि विसरतो. बेंच म्हणून दाखवायला लावतो.

मग जुन्या चिप मिळेनाशा झाल्या, नवीन आल्या, आणि नवीन चिपबरोबर नवीन इंजिनियर आले. जाड काचांमुळे आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणायचो. ते पूर्वी दुसऱ्या एका पेडलांच्याच कारखान्यात होते. ताईंना इतकं पुरेसं होतं.

"तिकडचं सोडून इकडे कशाला आले?" त्यांनी मला विचारलं.

"इथे बरं वाटलं असेल."

"इथे?" आमच्या गळक्या छताकडे बघून त्या म्हणाल्या. "खात्री केलीस?"

आणि खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांचं वागणंही तसंच होतं. फोन आला की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि हळू आवाजात बोलायचे. हाक मारली तर कधी ओ द्यायचे, कधी सरळ पुढे चालू लागायचे. विचारावं एक, तर कधीकधी उत्तर भलत्याच प्रश्नाचं यायचं, वर एक पडेल हसू. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की हे खोलीत एकटे. एकदा ताईंनी जिन्यावरून बघितलं, तर हे ट्रेमधल्या चिप उचलून शर्टाच्या खिशात टाकत होते. ताई अशा गोष्टी साठवून ठेवायच्या.

नवीन चिपची मुख्य गोष्ट म्हणजे तिला बोलायला एकच तार होती. जुनीला दोन होत्या, एक ऐकायची आणि एक बोलायची. बेंचलाही त्याप्रमाणे दोन तारा. आता त्या दोन तारांचं काय करायचं, हे बोलणं माझ्यासमोर झालं, म्हणून मला नीट आठवतं. ताई बेंचजवळ उभ्या होत्या, चष्मेवाले त्यांच्या उजव्या हाताला, खाली वाकून तारा बघत.

"ताई, इथे बोलणं आणि ऐकणं एकाच तारेवरून आहे," ते म्हणाले. "तुमच्या दोन तारा नुसत्या एकत्र जोडून चालणार नाही. मध्ये एक डायोड लागेल, वर एक रेझिस्टर. आणि प्रोग्रामही बदलावा लागेल. पहिलं जे परत येईल ना, ते मोजायचं नाही. ते टाकून द्यायचं."

"टाकून द्यायचं?" ताई म्हणाल्या. "म्हणजे चिप परत काय म्हणते ते तपासायचंच नाही?"

चष्मेवाल्यांनी वाकल्या वाकल्या मान हलवली. "हो हो. होऊन जाईल. मला फक्त एक दुपार बेंच द्या."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ होता, ऐकलंस ना?

"माझ्या बेंचला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. हे मात्र त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि ते चष्मेवाल्यांना बरोबर ऐकू गेलं.

त्याच दिवशी ताईंनी स्वतः सोल्डर गन घेतली. बेंचच्या दोन्ही तारा सोलल्या, एकमेकींना पीळ देऊन जोडल्या आणि एकच तार करून क्लिपला नेली. डायोड नाही, रेझिस्टर नाही, प्रोग्राम जुनाच. चिप लावली, बटण दाबलं, आणि पहिल्याच फटक्यात हिरवं.

चष्मेवाले दारातून बघत होते. "इतक्यात झालं?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा गोंधळला.

"तोंड बघितलंस?" ताई नंतर मला म्हणाल्या. "झालं म्हणून वाईट वाटलं त्याला."

चष्मेवाले मालकांकडेही जाऊन आले, बेंच एकदा बघू द्या म्हणून. पण काम तुंबलेलं होतं, स्क्रीन हिरवी होती आणि ताईंशी वाद घालायची मालकांची छाती नव्हती. नवीन पेडलं भराभर बाहेर पडू लागली.

मग ती परत येऊ लागली.

सगळी नाही, मधूनच एखादं. तक्रार एकच, पाय नुसता ठेवला तरी मशीन आपोआप सरकतं. ताई परत आलेलं पेडल बेंचवर घ्यायच्या, क्लिप लावून बटण दाबायच्या. हिरवं. वर पेडल मशीनला जोडून बघितलं तर खरंच ठीक चालायचं. बाहेर गेलं की भूत शिरावं आणि बेंचवर आलं की उतरावं, असा प्रकार.

आमच्यातलं कुणीही म्हणालं असतं, काहीतरी चुकतंय. ताई म्हणाल्या, "कुणीतरी चुकवतंय."

त्यांनी खोक्यांच्या तोंडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायला सुरुवात केली. खोका कुणी उघडला तर ठिपका तुटणार. पुढची तक्रार आली तेव्हा त्यांनी त्या गिऱ्हाइकाला फोन करून ठिपक्याबद्दल विचारलं. ठिपका शाबूत होता. म्हणजे जे काय होतंय ते खोका बंद व्हायच्या आधी, इथेच, या खोलीत. आणि जेवणाच्या सुट्टीत या खोलीत एकटं कोण असतं?

त्यांनी जेवण जिन्यावर हलवलं. डबा मांडीवर, नजर दारावर. घास तोंडाशी थांबायचा, दारामागं काही हललं की खाली यायचा. घरीही त्यांच्या तोंडी हाच विषय. नवरा एकदा म्हणाला, "अगं, तो बिघडवेल कशाला?" त्यावर त्या म्हणाल्या, "त्याच्या जुन्या मालकाचा माणूस आहे तो." नवऱ्यानं विचारलं, "हे तुला कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या, "म्हणायला कशाला पाहिजे? दिसतंय." दूधवाल्याच्या प्रकरणानंतर या घरात ताईंशी फार वेळ वाद घालायची रीतच राहिली नव्हती.

एके दिवशी भर दुपारी शिलाईखान्यातून ताईंना फोन आला. धाकटीच्या बोटात सुई गेली होती. कॉलर सुईखाली सारखी करताना मशीन सुरू झालं आणि सुई नखातून आरपार. ताई बेंच तसाच सोडून धावल्या.

धाकटी दवाखान्याच्या बाकावर बसली होती. बोटाला मोठं बँडेज, चेहरा पांढरा.

"ताई, मी पाय दाबला नव्हता," ती म्हणाली. "सगळे म्हणतायत दाबला असशील, लक्ष नसेल. इतकी वर्षं शिवतेय मी. नुसता ठेवला होता."

"माहितीये मला," ताई म्हणाल्या. "नव्हता दाबलास."

ते पेडल आमचंच होतं. लाल ठिपक्याच्या खोक्यातून गेलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या त्या सरळ मालकांच्या खोलीत. चष्मेवाल्यांनाही आत बोलावलं. खोलीला काचेची भिंत होती आणि दार उघडंच होतं, त्यामुळे आमचे हात कामावर आणि कान तिकडे.

"खिशात काय आहे?" ताईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी खिशातून चिप काढून टेबलावर ठेवल्या. "घरी नेतो. तपासायला. इथे मला बेंच मिळत नाही."

"तपासता, की कुणाला तरी दाखवता? आणि फोनवर भिंतीकडे तोंड करून कुणाशी बोलता? हाक मारली की ओ का देत नाही?"

ते लालबुंद झाले. मालकांनी विचारलं, "सांगा ना, काय असेल ते." ते एवढंच म्हणाले, "मला एकदा तो बेंच बघू द्या."

"आता आणखी काय बिघडवायचं राहिलंय?" ताई म्हणाल्या. "माझ्या बहिणीचं बोट गेलं असतं."

मालक भांडणाला घाबरणारे. "तुम्ही काही दिवस घरीच राहा," ते चष्मेवाल्यांना म्हणाले. चष्मेवाल्यांनी आपले स्क्रू-ड्रायव्हर गोळा केले आणि आमच्या टेबलांमधून, कुणाकडे न बघता, निघून गेले. आम्ही हातातलं काम चालूच ठेवलं. ताईंचं आजवर चुकलं नव्हतं, अशी आमचीही समजूत होती.

मग ताईंनी शिल्लक असलेला सगळा माल पुन्हा बेंचवर घेतला. एकूण एक हिरवं. धाकटीच्या शिलाईखान्याला नवी पेडलं पाठवली, ठिपके देऊन. त्या आठवड्यात ताई शीळ घालत होत्या, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण धाकटी कामावर परतली आणि संध्याकाळी खाली येऊन ताईंच्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

"माझ्या शेजारच्या मशीनवर आज परत तसंच झालं," ती म्हणाली. "नवं पेडल आहे. तुझ्या ठिपक्याचं."

"शक्य नाही."

"मी बघितलं, ताई. तो माणूस तर घरी बसलाय ना?"

त्यानंतरचे दिवस आमच्यासाठी वाईट होते. ताईंचा संशय आता मोकाट सुटला. मालकच कंपनी विकायला निघालेत आणि म्हणून माल खराब करतायत, असं त्या एकदा म्हणाल्या. कॉइल गुंडाळणाऱ्या बाईच्या पर्समध्ये काय असतं, असं मला विचारलं. आणि मग माझ्याकडेही बघायला लागल्या. मी टेप कापली की कात्रीकडे बघायच्या, मी खोका उचलला की खोक्याकडे. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, कारण त्यांचे डोळे झोप नसल्यासारखे झाले होते.

मग ती सकाळ. ताईंनी एक चिप बेंचवर घेतली, तिचा पाय मळका दिसला म्हणून क्लिपमधून काढून पुसायला घेतली. कापड घ्यायला वळताना त्यांचं कोपर बटणावर पडलं.

स्क्रीन हिरवी झाली.

ताईंनी हातातल्या चिपकडे बघितलं. मग क्लिपकडे. क्लिप रिकामी होती. त्यांनी बोटानं बटण दाबलं. हिरवं.

"इकडे ये," त्या मला म्हणाल्या, आणि गुडघ्यावर बसून टेबलाखाली बघू लागल्या. "इथे कुणीतरी चिप लपवलीय. तार आत कुठेतरी जोडलीय." मीही खाली वाकलो. बेंचमागं धूळ, एक हरवलेला स्क्रू आणि मेलेला कोळी. त्यांनी तार हातानं चाचपत शेवटापर्यंत नेली. कुठेही काही नव्हतं. मग त्यांनी तारेपासून क्लिपच कापून टाकली. नुसती उघडी तार हवेत. बटण दाबलं.

हिरवं.

ताई जमिनीवरच बसल्या. थोड्या वेळानं, मला नव्हे, स्वतःशीच म्हणाल्या, "मीच बोलतेय. आणि मलाच ऐकू येतंय."

मला समजायला वेळ लागला. बेंचची बोलायची आणि ऐकायची तार त्यांनी एक केली होती. त्यामुळे बेंच जे आकडे सांगायचा, तेच त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या कानावर पडायचे. त्यालाच तो चिपचं उत्तर समजायचा आणि खूश होऊन हिरवा व्हायचा. बहुतेक चिप ऐकत होत्या, म्हणून बहुतेक पेडलं बरी होती. नव्या चिपचे पाय आखूड, त्यामुळे कधीकधी क्लिप नीट टेकायची नाही आणि ती चिप कोरीच राहायची. परत आल्यावर दुसऱ्यांदा क्लिप टेकली की शहाणी व्हायची. कुणी काही बिघडवत नव्हतं.

"पहिलं जे परत येईल ते टाकून द्यायचं," ताई म्हणाल्या. "हे सांगत होता तो."

त्या संध्याकाळी त्या घरी आधी वरच्या मजल्यावर धाकटीकडे गेल्या. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, की पेडल माझ्यामुळे बिघडलं होतं, तुझ्या बोटात सुई माझ्यामुळे गेली. धाकटी ऐकत होती. बँडेज सुटलं होतं, नख काळं पडलं होतं. रडेल, ओरडेल असं ताईंना वाटलं होतं. धाकटीनं वेगळंच विचारलं.

"ताई, तेव्हा तू त्या दूधवाल्याला विचारलंस. आणखी कुणाला विचारलंस का?"

"कधी?"

"तुला माहितीये कधी. सूनबाई दूध घेऊन आत गेली म्हणाला ना तो? त्या मुलाला थोरला भाऊ होता. परगावी असायचा. सुट्टीला आला असेल. सून म्हणजे त्याचीही बायको असू शकते."

"ते भांडायला आले नाहीत," त्या कशाबशा म्हणाल्या.

"अपमान झाल्यावर सगळेच भांडत नाहीत," धाकटी म्हणाली. "तो चष्मेवाला भांडला का?"

मग धाकटीच उठली आणि चहा टाकला. "जाऊ दे. मला इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही असं. आजच वाटलं. आता विचारायलाही कुणी उरलं नसेल. तू आधी त्या माणसाकडे जा."

ताई दुसऱ्या दिवशी कामावर न जाता चष्मेवाल्यांच्या घरी गेल्या. दार त्यांनीच उघडलं. आत एकच खोली, आणि टेबलावर फळीच्या तुकड्यावर आमचीच कॉइल, आमचीच चिप, एक डायोड, एक रेझिस्टर, सगळं नीट मांडून जोडलेलं. ते पाणी आणायला वळले. ताईंचा धीर पाणी येईपर्यंत टिकणारा नव्हता, म्हणून त्या त्यांच्या डाव्या बाजूनं चालता चालताच बोलू लागल्या. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी इतक्या सविस्तर माफी मागितली. रिकामी क्लिप, हिरवी स्क्रीन, बहिणीचं बोट, सगळं.

चष्मेवाले पेला घेऊन वळले. "माफ करा, जरा या बाजूला येता का? डाव्या कानानं मला ऐकू येत नाही."

"काहीच?"

"मी फक्त 'बेंच' ऐकलं."

ताई उजव्या बाजूला गेल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलल्या. दुसऱ्यांदा ते जास्त कठीण गेलं, असं त्या म्हणायच्या.

ऐकून झाल्यावर चष्मेवाले चष्मा पुसू लागले.

"सांगितलं का नाही हो कानाचं?" ताईंनी विचारलं. "मशीनच्या आवाजात फोन ऐकू यावा म्हणून भिंतीकडे वळत होता ना? मला काय काय वाटलं."

"सांगितलं की लोक मोठ्यानं बोलतात आणि कमी सांगतात," ते म्हणाले. "आधीच्या कारखान्यात मला कामाच्या चर्चेला बोलवायचंच बंद केलं होतं. म्हणून इकडे आलो."

"परत येता का?"

"बेंच दुरुस्त करायला येईन. पण मला सगळ्यांसमोर घालवलंत. सगळ्यांसमोरच सांगावं लागेल."

"मी सांगते," ताई म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. पॅकिंगच्या टेबलाशी सगळ्यांना उभं केलं, मालकांनाही. फार बोलल्या नाहीत. "बेंच मी चुकीचा जोडला होता. यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चोर ठरवलं ते मी." मालकांनी खाली बघितलं. कॉइलवाल्या बाईनं पर्स जवळ ओढून घेतली, कारण तिलाही पर्सचं कळलं होतं.

बेंचची दुरुस्ती मी शेजारी बसून पाहिली. चष्मेवाल्यांनी आधी प्रोग्राम बदलला. बेंचनं आपलंच बोलणं सोडून द्यायचं आणि त्यानंतर जे येईल तेवढंच मोजायचं. बटण दाबलं. लाल. चांगली चिप लावूनही लाल.

ताईंची भुवई वर गेली. जुनी सवय. पण त्या गप्प राहिल्या.

"अजून तिला बोलायला जागा नाही," चष्मेवाले म्हणाले. "बेंचनं तार घट्ट धरून ठेवलीय. चिपनं कितीही खाली ओढली तरी हलत नाही." त्यांनी बोलायच्या तारेत डायोड घातला, म्हणजे बेंचला तार खाली ओढता येईल पण वर दाबून धरता येणार नाही. तार वर धरून ठेवायचं काम एका रेझिस्टरकडे दिलं, तेही हलक्या हातानं. पुन्हा बटण. क्षणभर काहीच नाही. मग चिपनं उत्तर दिलं. दोन आकडे, बरोबर सांगितलेले, आणि खाली हिरवं.

ताईंनी चिप काढली आणि रिकाम्या क्लिपवर बटण दाबलं. लाल. पुन्हा दाबलं. लाल. लाल बघून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

चष्मेवाले फार काळ राहिले नाहीत. ते भिंतीकडचे काही फोन दुसऱ्या नोकरीसाठीच होते, हे त्यांनी जाताना मोकळेपणानं सांगितलं. ताईंची तेवढी एक शंका खरी निघाली. मी तसं म्हटल्यावर त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

बाहेर गेलेली पेडलं मात्र परत मागवून भागणार नव्हतं. शिलाईखाने बंद कसे ठेवणार? म्हणून ताईंनी बेंचचं सामान एका पिशवीत भरलं आणि त्या एकेका शिलाईखान्यात जाऊन पेडलं जाग्यावरच शिकवू लागल्या. पिशवी जड, म्हणून मीही बरोबर. धाकटीच्या शिलाईखान्यात आम्हाला कुणी काही म्हटलं नाही, धाकटीनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दुसरीकडे तसं नव्हतं.

गावाबाहेरच्या एका शिलाईखान्यात एक वयस्कर शिवणारी बाई होती. ताईंनी तिचं पेडल उघडलं, चिप शिकवली, उत्तर वाचलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "झालं. बसा."

बाई हाताची घडी घालून उभीच. "आधीचं पण तुम्हीच केलं होतं ना?"

"हो."

"तेव्हा पण झालं म्हणाला असाल."

"म्हणाले होते."

"मग आता झालं कशावरून?"

ताईंनी तारेचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या स्वतः स्टुलावर बसल्या, पाय पेडलवर ठेवला, कापडाचा तुकडा सुईखाली धरला आणि तशाच बसून राहिल्या. मशीन हललं नाही. आजूबाजूची मशीनं खडखडत होती. बाई खाली वाकली, ताईंचा पाय खरंच पेडलवर टेकलाय ना ते बघितलं, बोटानं त्यांची चप्पल थोडी पुढे ढकलली, आणि पुन्हा उभी राहून सुईकडे बघत राहिली.

"उद्या बघते," ती शेवटी म्हणाली. "आज मी बटणं लावते. हातानं."

मला वाटलं ताई चिडतील. त्या उठल्या, पिशवी भरली, स्टूल जागेवर सारलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी उद्या सकाळी येते. तुम्ही यायच्या आधीच येते."